तांबं पुन्हा भरायचं का?

—नाही गो, माउस जरा सैल धर आधी. एवढा आवळून धरतात का? पळून जाणारे काय तो? खुर्ची ओढ पुढे, हां. तर कुठे होतो आपण — थर. कुठल्या थरावर उभी आहेस ते आधी बघायचं, उजव्या हाताला ती रंगांची यादी दिसते ना, तिथे. लाल म्हणजे सर्किट बोर्डाचं वरचं तांबं, निळं म्हणजे खालचं. निळ्यावर जा. — कारण ग्राउंड आपण खाली घेतो, म्हणून. कॉलेजात विचारलं असतं तर दोन पानं लिहिली असतीस, ग्राउंड प्लेनचे फायदे पाच, उदाहरणासह. मी फायदे विचारत नाही, मला करून दाखव. आता ते झोनचं, म्हणजे तांबं भरायच्या जागेचं, चित्र दाब, आणि बोर्डाच्या कोपऱ्यावर एक टिचकी मार. उघडली खिडकी? विचारतंय ना, हे तांबं कुणाच्या नावावर टाकू? ग्राउंडच्या नावावर टाक. खाली क्लिअरन्स — म्हणजे दुसऱ्याच्या तांब्यापासून किती लांब राहायचं ते — अर्धा मिलिमीटर लिही. तुझ्या आधी इथे होता तो साकिब पाव ठेवायचा. पाव पुरतो म्हणे. पुरत असेल कोरड्या हवेत, इथे रत्नागिरीत लोखंडाचं महिन्यात भजं होतं. अर्धाच लिही.

आता कड काढ. कोपऱ्याकोपऱ्याने जा, आणि जिथे सुरू केलीस तिथे आणून बंद कर. सावकाश — घाई कसली आहे, मोजून दहा वाजलेत. साहेब बारा वाजता येणार. — कुठले साहेब ते सांगते नंतर. झाली कड? आता बी दाब. एकच बटण, बी. बघ. भरलं ना सगळं निळं? हे मला अजून आवडतं बघायला, अकरा वर्षं शारजात हेच केलं, नऊ वर्षं इथे मिरजोळ्याच्या शेडमध्ये हेच करते, तरी आवडतं. अंगण सारवल्यासारखं एकदम सगळीकडे जातं आणि मधे खांब असेल तिथे बरोबर गोल जागा सोडून जातं. ज्या खांबाला, म्हणजे पार्टच्या पायाला, जोडायचं असेल त्याला चार काड्यांनी जोडतं — त्या चार बारीक काड्या दिसतात ना, त्या. अख्खं तांबं चिकटवलं तर बाहेर पार्ट जोडत बसतात त्या बायकांचा सोल्डर वितळतच नाही, सगळी उष्णता तांबं ओढून घेतं, आणि मग त्या मला शिव्या घालतात. मनातल्या मनात घालतात, पण मला कळतात.

— ते घड्याळ? कोपऱ्यातलं? त्याच्याकडे नको बघूस. हो, सत्तावीस मार्च दाखवतंय, चष्मा मलाही आहे. असू दे. तुझं लक्ष फार इकडेतिकडे असतं गो ज्ञानेश्वरी. पहिला दिवस आहे, पडद्यावर बघ.

हां, आता पॉवरचं. तेच सगळं, फक्त वरच्या थरावर, आणि नाव पाच व्होल्टचं. एक झोन दुसऱ्याच्या आत आला तर कोण आधी भरणार त्याचा नंबर द्यायचा. दे एक. कड काढ. बी. — छान. बघ किती सोपंय. लोकांना वाटतं तारा जोडणं म्हणजे बोर्ड काढणं. नाही. तारा कुणीही जोडेल. कुठे तांबं असू नये हे ज्याला कळतं तो बोर्ड काढतो. हे मी साकिबलाही सांगितलं होतं. हुशार पोरगा, सोनारासारखा हात, पण निघाला मस्कतला, जूनमध्येच गेला, इथल्या पगारात त्याचं भागेना. म्हणून तुला बोलावलं. तुझा बायोडेटा बघितला आणि पत्ता वाचला, पोफळी, पॉवरहाऊसची कॉलनी — म्हटलं, हिचा बाप विजेच्या घरातला आहे, हिला फेज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही. बरोबर ना? अठ्ठावीस वर्षं नोकरी म्हणालीस ना बाबांची? मग घरात स्विचला ओला हात लावलास तर थोबाडीत बसली असणार तुझ्या. — बसली होती? बघ. चांगला माणूस.

आता ही सरावाची फाइल बंद कर. सेव्ह नको. दुसरी उघड, तिथेच आहे — पंपपेटी, आणि पुढे सी. सी म्हणजे तिसरी सुधारणा. हा आपला खरा माल. माडा-सुपारीच्या बागेत, आंब्याच्या नव्या कलमांना पाणी लावायला पंप असतात, त्यांच्यासाठी ही पेटी. वेळ लावून ठेवली की पंप आपोआप सुरू, आपोआप बंद, विहिरीतलं पाणी संपलं तरी बंद. पत्र्याची पेटी, आत हा बोर्ड, चार कोपऱ्यांत चार स्क्रू, स्क्रू सरळ पेटीला. समजलं? अर्ध्या बोर्डावर पाच व्होल्ट, तिथे तू जीभ लावलीस तरी काही होणार नाही. आणि हा उजवीकडचा कोपरा, लाल, मोठा — हे फेजचं तांबं. मीटरवरून आलेलं थेट. पंपाचा करंट जायचा म्हणून बारीक तार चालत नाही, पूर्ण झोन भरावा लागतो. त्याच्यापासून सगळ्यांनी आठ मिलिमीटर लांब राहायचं, आणि स्क्रूच्या भोकाने तर जास्तच. का? — शाब्बास. कारण स्क्रू म्हणजे पेटी, आणि पेटी म्हणजे माणसाचा हात.

काय झालं? काय बघतेस एवढं? मोठं करून बघ ना, बघायचंच तर. — हो. भोक तांब्याच्या आत आहे. चांगले डोळे आहेत तुझे. साकिब गेल्यावर दोन पोरं बघून गेली, एक तर पुण्यात शिकून आलेला, रितेश की कोण, त्याच्यासमोर हीच फाइल ठेवली होती मी, अर्धा तास बसला आणि म्हणाला, मॅडम, छान डिझाइन आहे. त्याला चहा पाजून पाठवला.

आता समजून घे, हे झालं कसं. कारण हे तुला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. भोक आधी इथे नव्हतं. इथे होतं, बाहेर, हे बघ, कोपऱ्याच्या जवळ. मग आपला पेट्या बनवणारा म्हणाला, जुन्या मापाचा पत्रा मिळत नाही, नवीन पेटीत स्क्रूची जागा अकरा मिलिमीटर आत आहे. मग काय करायचं? भोक धरायचं, अकरा मिलिमीटर आत सरकवायचं, सोडायचं. सरकलं. पण तांबं? तांबं नाही सरकत बाय. खांब उपटून दुसरीकडे रोवलास तर सारवण आपोआप बाजूला होतं का? ते आधीचंच राहतं, जसं शेवटचं भरलं होतं तसं. पुन्हा बी दाबावं लागतं, मग ते नव्याने बघतं, अरे, इथे भोक आलं, आणि मागे हटतं. नाही दाबलं तर भोक तांब्यातूनच पडतं. आणि हे सॉफ्टवेअर काही मुकं नाही. फॅक्टरीला पाठवायच्या फायली काढताना ते विचारतं — झोन जुने आहेत, पुन्हा भरायचे का? हो की नको. सरळ विचारतं. आणि माणूस घाईत असला की नको म्हणतो. कारण पुन्हा भरलं की कधीकधी दुसरीकडे कुठेतरी काडी तुटते, मग ते शोधत बसा, सगळं परत तपासा, तासभर जातो, आणि त्या दिवशी पाच वाजायच्या आत फायली पाठवल्या नाहीत तर बोर्ड आठ दिवस लांबतात. मग नको. नको म्हणायला एक टिचकी पुरते.

— साकिबने, हो. साकिबच्याच हाताखाली होती फाइल. तेव्हा तोच करायचा सगळं. मी काय, मी ऑर्डरी बघते, बँक बघते, बाहेर सहा बायका आहेत त्यांचं कुणाचं मूल तापलं, कुणाचा नवरा मुंबईहून आलाच नाही, ते बघते. पोराने घाई केली. ईदचे दिवस होते, त्याची आई दहा वेळा फोन करत होती, कधी येतोस, कधी येतोस, मी म्हटलं जा बाबा, शनिवारपर्यंत नको येऊस, ही एवढीशी गोष्ट आहे, एक भोक तर —

नाही. म्हणजे तो होता. जाता जाता केलं त्याने.

पाणी दे गो ती बाटली.

चाचणीत नाही सापडलं. तुला हेच विचारायचं होतं ना? बोर्डावर हिरवा रंग असतो, तांब्यावर, त्याच्या खाली फेज गप्प बसते. स्क्रू वरून आवळला तरी रंग मधे असतो. मीटर लावलं, काही नाही. बारा पेट्या, बाराच्या बारा पास, मी स्वतः सही केली. मग पेटी बागेत जाते. पंप सुरू होतो, पेटी थरथरते, बंद होते, पुन्हा थरथरते. स्क्रू रोज केसभर रंग खातो. खारी हवा आत जाते. आणि एक दिवस स्क्रू तांब्याला लागतो. म्हणजे पेटीच फेज झाली. बाहेरून काही दिसत नाही. छान पोपटी रंग, आमचं स्टिकर, फोन नंबर.

पण अर्थिंग असतं ना पेटीला. असायलाच पाहिजे. अर्थिंग नीट असलं तर पेटीत आलेली वीज जमिनीत जाते, फ्यूज उडतो, मालक ओरडत फोन करतो, बस, एवढंच. आता तू सांग, पॉवरहाऊसच्या माणसाची पोर आहेस, कातळात अर्थिंग मिळतं का? जांभ्याचा सडा, कुदळ मारली तर ठिणगी उडते, तिथे वायरमन तीन फुटांवर दमतो, सळी ठोकतो, मीठ-कोळसा टाकतो, वरून माती ओढतो. पावसाळाभर ते चालतं. ओल असते ना. पाऊस गेला, ऑक्टोबर तापला, की तीच सळी कोरड्या दगडात. आणि बागेला पाणी लावायला सुरुवात कधी होते? दिवाळीनंतर. आत्ता. या दिवसांत.

वायरमनचा दोष आहे तो. तेच म्हणतायत सगळे. पालीला गेल्या गुरुवारी झालं ना, वाचलं असशील — नाही? तुमच्या पोफळीला कुठला पेपर येतो? पालीच्या पुढे एका बागेत राखणीला होता माणूस, दादू म्हणायचे सगळे, पन्नाशीचा असेल, अनवाणी. सकाळी पेटीचं दार उघडायला हात लावला. बायको भाकरी घेऊन आली तेव्हा तो पेटीला धरूनच होता म्हणे. म्हणजे, तिने हात नाही लावला, कुणीतरी मागे ओढलं तिला, तेवढं बरं झालं. मी गेले होते मातीला. का नको जाऊ? आपली पेटी होती. मालकाने मलाच धीर दिला, म्हणाला, मॅडम, तुम्ही नका मनाला लावून घेऊ, विनोदने अर्थिंगच धड केलं नव्हतं. विनोद म्हणजे आपल्याच पेट्या बसवतो तो वायरमन. पोलिसांनी दोनदा बोलावलं त्याला. लायसन्स काढून घेतलं. काल आला होता इथे, त्याच स्टुलावर बसला होता, म्हणाला, बाजी, तुम्हीच सांगा, मी आजवर दोनशे पेट्या बसवल्या असतील. मी काय सांगणार? मी म्हटलं, विनोद, अर्थिंग मोजायला हवं होतं. खोटं आहे का ते? मोजायला हवंच होतं. अर्थिंग बरं असतं तर दादू मेला नसता. मी खोटं काही बोलले नाही.

तर आज बारा वाजता विद्युत निरीक्षक येणार. बोर्डाची फाइल मागितली आहे. पालीचा बोर्ड जळून कोळसा झालाय, त्यात काही दिसत नाही, म्हणून फाइल बघणार. आणि फाइल ही अशी. म्हणून आता तू एक काम कर. शिकवलं ना मघाशी? कुठलंही भोक हलवू नको, नाव बदलू नको, सी चा डी करू नको. फक्त बी दाब. तांबं मागे हटेल. मग सेव्ह कर. संपलं काम. मग जेवायला सोडते तुला, आज लवकर जा, आपल्या बायकांतली एक तिसऱ्यांचं आंबट घेऊन आली आहे, शिंपल्या खातेस ना तू?

— घड्याळ, हो. त्याच्यासाठीच. फाइलीवर तारीख पडते सेव्ह केल्याची. आता कळलं ना? मघाशी उगाच विचारत होतीस.

दाब ना.

असं काय बघतेस गो माझ्याकडे? मी काय तुला चोरी करायला सांगते? चूक दुरुस्त करायला सांगते. चूक होती, ती नीट कर. उलट पुण्य आहे. — मी का नाही दाबत? मीच दाबलं असतं. सोमवारी बसले इथे, मंगळवारी बसले. फाइल उघडली, बोट त्या बी वर ठेवलं. आणि नाही दाबता आलं. मला काय झालं ते मला माहीत नाही, हसू नको, पण मला वाटलं मी हात लावला की त्या फाइलीतून आणखी काहीतरी निघेल. मागच्या वेळी पण मीच —

हो. मीच. झालं समाधान? साकिब घरी होता, गुहागरला, नवे कपडे घालून आईच्या हातचा शीरखुर्मा खात होता. मी सरकवलं भोक. मला सॉफ्टवेअरने विचारलं, पुन्हा भरायचं का, आणि मी नको म्हटलं. वीस वर्षं या धंद्यात आहे मी. शारजात नवीन पोरांना मी हेच शिकवायचे पहिल्या दिवशी, काहीही हलवलंत तर आधी बी. आणि मीच नको म्हटलं, कारण पाच वाजायला सात मिनिटं होती. म्हणून तुझ्या हाताने होऊ दे. तुझा हात स्वच्छ आहे.

आणि माझ्यासाठी म्हणून नको करूस. बाहेर बघ. त्या काचेतून बघ. त्या सहाजणी जातील कुठे? काजूच्या फॅक्टरीत, बोटं जाळायला? हे बंद पडलं तर तूही गेलीस पुण्याला, एका खोलीत चौघी, आणि बाबा एकटे पोफळीला. तुला इथे घराजवळ ठेवणारं दुसरं कोण आहे रत्नागिरीत, सांग बघू? कुणी नाही. मी चौकशी केली आहे तुझी. मला माहीत आहे तू किती ठिकाणी अर्ज दिलेस आणि कुणी उत्तर दिलं नाही ते. मी धमकी देत नाही. मी फक्त सांगते आहे की मला माहीत आहे.

— किती? कसले किती? पेट्या? सांगितलं ना, बारा केल्या या भोकाच्या. एक पालीची, ती गेली. एक लांज्याहून परत आली, ती त्या कपाटात आहे, घराच्या टाकीला लावलेली होती, तिचा फ्यूज सारखा उडायचा म्हणून मालकाने आणून आदळली. नदीकाठची जागा त्याची, अर्थिंग चांगलं होतं, म्हणून वाचला. तीच उघडली मी आणि बघितलं स्क्रूखाली काळं झालेलं. तेव्हा कळलं. मग राहिल्या नऊ.

बारातून दोन गेल्या तर दहा, हो, गणित येतं मला. दहा. पण बुरोंडीची धरायची नाही, ती बंद आहे. — बंद म्हणजे बंद, मेन स्विच पाडलेला आहे, पेटीला कुणी हात लावत नाही, घागरीने घालतात पाणी माडांना. माझ्या मोठ्या बहिणीची वाडी आहे ती, शमीमआपाची, नातवंडं सारखी खेळत असतात तिथे विहिरीवर, म्हणून मी गणपतीच्या सुट्टीत गेले होते तेव्हाच तिला म्हटलं, आपा, या पेटीला —

...

ज्ञानेश्वरी.

ऐक. तू चुकीचं जोडते आहेस. गणपतीत मला नक्की माहीत नव्हतं. एका पेटीत दिसलं म्हणजे सगळ्यांत असेल असं नसतं. फाइल एक आहे हे खरं, बोर्ड एकाच खेपेचे आहेत हे खरं, पण तरी नसतं तसं. आणि पाऊस चालू होता, सगळे पंप बंद होते, मी म्हटलं दिवाळीआधी बघू, एकेक पेटी काहीतरी निमित्ताने परत मागवू, सर्व्हिसिंग फुकट म्हणून सांगू. सांगणारच होते. मग दिवाळीच्या ऑर्डरी आल्या. मग दादू. आणि आता दादू गेल्यावर फोन केला तर? आता फोन केला म्हणजे मी लिहून दिलं, बाई, माझ्या पेटीने माणूस मेला. समजतंय का तुला? आधी करता आला असता. आता नाही येत करता. आता प्रत्येकाने आपलं आपलं अर्थिंग — कुठे चाललीस? बस खाली. बी दाबलंस का? नाही ना? बस.

ते कपाट उघडू नको. ती चलनाची वही आहे, कुठली पेटी कुणाकडे गेली त्याची, त्यात तुझं काही काम नाही. ठेव. ज्ञानेश्वरी, मी चांगल्या शब्दांत सांगते आहे, ती वही ठेव. त्यात लोकांचे नंबर आहेत. तू आज आलीस या ऑफिसात, सकाळी नऊला, तुझी अजून सही पण नाही झाली कागदावर, तू कोण लागतेस त्या लोकांची? निघायचं तर नीघ. तुझी पर्स घे आणि जा, मी कुणाला काही सांगणार नाही, पण या दारातून बाहेर गेलीस की रत्नागिरीत कुणी तुला — तो माझा फोन आहे. माझ्या टेबलावरचा फोन आहे तो. खाली ठेव.

कुणाला लावलास?

कुणाला लावलास, सांग तरी. — मालगुंड. पहिलंच पान. ते दर्शनचं आहे. दर्शन आणि मथुरा, माडांची वाडी आहे त्यांची, कातळाला लागून, विनोदच म्हणाला होता तिथे सळी आतच जाईना म्हणून. ठेव फोन. तू काय बोलणार त्यांना? तुला बोलता येणार आहे का? तुझं नाव त्यांना माहीत नाही, तू म्हणशील मेन स्विच पाडा, ते म्हणतील कोण बोलतंय, कशाला पाडू, माझे माड वाळतायत — रिंग जाते आहे? उचलत नाहीत? मग असतील वाडीत. दहा वाजून गेले. या वेळेला तो पाणीच लावतो. सकाळी सुरू करतो आणि —

दे इकडे. दे म्हणते ना.

हॅलो. हां, मथुरावहिनी? मी रुबिना, मिरजोळ्याहून, पंपाच्या पेटीवाली. हो, हो, बरी आहे. नाही, ते वाचलं, हो, पालीचं, वाईट झालं. वहिनी, दर्शनभाऊ आहेत का जवळ? — पंपावर? कशाला? — बंद कशाने पडला? — नाही, तुम्ही ऐका आधी. पेटी उघडायला गेलेत ते? कधी गेले? वहिनी, हाक मारा त्यांना. आधी हाक मारा. पेटीला हात लावू नका म्हणावं. चूक माझी आहे, पेटीत दोष आहे, मी सांगते ना, माझ्या पेटीत दोष आहे, तुम्ही धावा. आणि वहिनी, ते पेटीपाशी असले तर तुम्ही त्यांना शिवू नका. घरातला मेन पाडा पहिला. वहिनी? मेन —

ठेवला नाही, तसाच टाकून धावली.

तू उभी काय राहिलीस? तुझा फोन काढ. वही तुझ्याकडेच आहे ना, दुसरं पान लाव. माझं नाव सांग. रुबिना होडेकर म्हणाली म्हणून सांग, मेन पाडा आणि पेटीला कुणी शिवू नका. मग तिसरं. एकेकाला समजावत बसू नको, शिव्या दिल्या तरी ऐकून घे आणि पुढचं लाव.

— नाही गो. तिकडे कुत्रं भुंकतंय फक्त. माणसाचा आवाज नाही अजून. तू लाव.